टर्बोवरच्या अक्षता

गोपाळकृष्णबुवांना मी शब्द दिला तेव्हा माझ्याकडे गाडी नव्हती. मला गाडी चालवताही येत नव्हती, आणि अजून येत नाही. पण कीर्तन ऐकून उठलेला मी आणि भांग पिऊन उठलेला दुसरा कोणी यांच्यात फारसा फरक नसतो, असं आमची कौशल्या म्हणते. त्या भरात माझ्या तोंडून काय जाईल याचा भरवसा नाही.

त्याचं असं झालं. आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीच्या आवारात दत्ताचं एक लहानसं देऊळ आहे. दत्तजयंतीला संध्याकाळी जन्माचं कीर्तन, आणि ते सासवडच्या गोपाळकृष्णबुवांचंच, हा एकोणीस वर्षांचा शिरस्ता. त्या वर्षी श्रावणात मी नारळ घेऊन त्यांच्याकडे गेलो. बुवांचं वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अजून अठ्ठावीसचा. म्हणाले, "तात्याराव, यंदा दुसरं कोणीतरी बघा. गुडघे गेले. तुमची ती बस आणि रिक्षा. दिवे घाट उतरेपर्यंत माझा एकेक सांधा स्वतंत्रपणे पुण्याला पोचतो."

मी म्हणालो, "बुवा, मी माझ्या स्वतःच्या गाडीतून नेईन तुम्हाला. आणि ती पण साधी नाही."

'ती पण साधी नाही' हे का म्हणालो, ते दत्तमहाराजांनाच ठाऊक.

घरी येऊन ही हकिकत सांगितली तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी रंगनाथराव देऊळगावकर तिथेच बसले होते. ते म्हणाले, "टॅक्सी करा की." सूचना रास्त होती, त्यामुळेच मला राग आला. शब्द 'माझ्या गाडीतून' असा दिला होता. मी एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. मंजूर झालेल्या मजकुरात परस्पर बदल करायचा नसतो, एवढं तिथे शिकलोय.

याच सुमारास आमचे चिरंजीव चेतन खराडीच्या कंपनीत 'बेंचवर' होते. अमेरिकेत कुठलीशी बँक बुडाली आणि त्यामुळे आमचा मुलगा बिबवेवाडीत घरी बसला, हा कार्यकारणभाव मला त्याने तीन वेळा समजावून सांगितला. बेंच म्हणजे पगार चालू, काम बंद. आमच्या खात्यात याला नोकरी म्हणत. पण पोराच्या चेहऱ्यावरची रया गेली होती. दिवसभर इंटरनेटवर बसायचा. एक दिवस तिथूनच ओरडला, "बाबा, गाडी सापडली! टर्बो डिझेल आहे. इंजिनचं किरकोळ काम आहे म्हणे."

'किरकोळ' या शब्दावर पुण्यात आजवर किती घरं बांधली गेली आणि किती लग्नं जमली, याचा कोणीतरी अभ्यास करायला हवा.

गाडी वाघोलीहून टेम्पोला दोर बांधून आली. दिसायला देखणी, रंग अंजिरी. किल्ली फिरवली की आतून कोणीतरी खलबत्त्यात सुंठ कुटल्यासारखा आवाज यायचा आणि मग सगळं शांत. दोन गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडून आत पाहिलं, एकाच सुरात म्हणाले, "इंजिनच बदला," आणि बॉनेट इतक्या हळुवारपणे मिटलं की आम्ही नकळत हात जोडले.

चेतन म्हणाला, "बाबा, आपण घरी उघडू. सगळे व्हिडिओ आहेत. आणि आपल्याकडे गजभियेकाका आहेत."

भीमराव गजभिये समोरच्या इमारतीत राहतात. मूळचे भंडाऱ्याचे, पिंपरीच्या एका इंजिनाच्या कारखान्यात तेहतीस वर्षं फिटर. दर रविवारी विहारात वंदनेला जातात, तेही वेळेच्या पाच मिनिटं आधी. देवाधर्मावरून आमचे वाद होतात. म्हणजे मी बोलतो आणि ते चहा पितात. "मी देव मानत नाही तात्याराव, मायक्रोमीटर मानतो," असं ते म्हणतात. तरी जन्माच्या कीर्तनाला हजर असतात. सुंठवड्यासाठी, असं सांगतात.

भीमरावांनी इंजिनाला कान लावला, एक बोल्ट काढला, बोटाला लागलेलं तेल अंगठ्याने चोळून पाहिलं आणि म्हणाले, "दत्तजयंती कधी आहे?"

"तीन महिन्यांनी."

"कोणत्या सालची?"

पण चेतनकडे बघून त्यांनी बाह्या सरसावल्या. पोराला काम हवं होतं, हे त्यांना माझ्याआधी दिसलं.

आता अडचण अशी, की आमच्या पार्किंगमध्ये दुरुस्ती करायला बंदी आहे. वाहन पुसणेसुद्धा सकाळी आठच्या आत, आणि तेही 'गाणी न म्हणता', असा फलक आहे. म्हणजे इंजिन काढून आमच्या तळमजल्याच्या हॉलमध्ये न्यायचं. मी रीतसर अर्ज घेऊन रंगनाथरावांकडे गेलो.

"सोसायटीत तीनच नमुने आहेत," ते म्हणाले. "पाळीव प्राणी, भाडेकरू आणि फरशी बदलणे. तुमचं कशात बसतं?"

"कशातच नाही."

"मग नाही."

"अहो, एक जड वस्तू घरात येणार, तीन महिने राहणार आणि जाणार. बस्स!"

रंगनाथराव विचारात पडले. "येणार, राहणार, जाणार. भाडेकरूचा नमुना भरा. फोटो जोडा."

चेतनने इंजिनाचा पासपोर्ट आकाराचा फोटो काढला. 'पूर्वीचा पत्ता' इथे वाघोली लिहिलं. 'विवाहित की अविवाहित' ही जागा मी रिकामी सोडली, तर अर्ज परत आला: 'रकाना मोकळा ठेवू नये.' शेवटी चेतनने 'लागू नाही' लिहिलं. त्यावर रंगनाथरावांनी फोटोवर अर्धी आणि कागदावर अर्धी अशी सही ठोकली आणि आमचं इंजिन सोसायटीचं अधिकृत रहिवासी झालं.

गाडीतून इंजिन काढायला साखळीची कप्पी मिळेना. तेव्हा मी मार्केट यार्डातल्या संभाजी मुकादमाला गाठलं. त्याची हमालांची टोळी. संभाजी आला, इंजिनाभोवती एकदा फिरला.

"क्विंटल किती?"

"दीड-पावणेदोन असेल."

"म्हंजी कांद्याची तीन पोती. धरायला कान हायेत का?"

बांबू आणि काथ्याचा दोर लावून चौघांनी ते इंजिन असं उचललं की भीमरावांनी चष्मा काढून पुसला. "कारखान्यात याला क्रेन लागायची," ते म्हणाले. दारात आल्यावर संभाजीने विचारलं, "कुठं उतरवायचं वैनी?" आणि कौशल्या, जिला तोपर्यंत कोणीही काहीही विचारलेलं नव्हतं, ती म्हणाली, "देव्हाऱ्यासमोर नको. टीव्हीसमोर ठेवा. निदान टीव्ही तरी बंद होईल."

अशा रीतीने आमच्या हॉलमध्ये दिवाणाच्या जागी इंजिन आलं. बोल्टसाठी पुरणाची परात गेली. बारीक वायसर, पिना आणि क्लिपा मसाल्याच्या डब्यात गेल्या. चेतनने वाट्यांना चिठ्ठ्या लावल्या. एक दिवस आमटीत हळद कमी आणि लोखंड जास्त झालं, तेव्हा कौशल्या म्हणाली, "डॉक्टरांनी मला लोह घ्यायला सांगितलंच होतं." पाहुणे आले की ती इंजिनावर सोलापुरी चादर घालायची. माझ्या मावसबहिणीने त्यावर बसून अर्धा तास गप्पा मारल्या आणि जाताना 'दिवाण जरा टणक आहे' असा शेरा दिला.

सल्ले तर येतच होते. वरच्या सुंदराबाईंनी लिंबू-मिरची पाठवली. दुसऱ्या मजल्यावरची दीपाली, तीही आयटीतलीच, दारातून डोकावून म्हणाली, "काका, आधी स्कोप फ्रीज करा, नाहीतर काम वाढतच जाईल." मी सांगितलं, आमचा फ्रीज स्वयंपाकघरात आहे आणि त्यात सध्या पिस्टनच्या रिंगा नाहीत, एवढीच काय ती जागा उरली आहे.

पण खरं सांगू? ते दिवस फार सुखाचे गेले. संध्याकाळी भीमराव खाली सतरंजीवर बसून चेतनला शिकवायचे. "रिंग बसवताना घाई करू नको. आवाज आला की चूक झाली." एकदा त्यांनी टर्बो हातात घेऊन मला समजावलं. गोगलगायीसारखी ती वस्तू. इंजिनातून बाहेर जाणारा धूर वाया जात नाही, तो इथला एक पंखा फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा, तो ताजी हवा कोंबून आत ढकलतो. म्हणून इंजिन जास्त जोर करतं, म्हणून धूर जास्त, म्हणून हवा आणखी जास्त.

मी उठून उभा राहिलो. "भीमराव, हे कीर्तन आहे! बुवांच्या तोंडून निघतं ते श्रोत्यांना फिरवतं, श्रोते डोलले की बुवांना दम येतो, दम आला की..."

"तात्याराव," ते म्हणाले, "तो दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो. तुम्ही बसा."

दांडा तरंगतो तो तेलाच्या पापुद्र्यावर, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. तेलाचं भोक जेमतेम तांदळाएवढं. त्यात कचरा गेला की संपलं. म्हणून त्यांनी सगळ्या भोकांना चिकटपट्ट्या लावल्या, बोट उगारून चेतनला बजावलं आणि नवरात्रात दोन दिवस मुलीकडे गेले.

आणि खंडेनवमी आली.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची असते. आमच्या घरात आजवर पूजायला एक विळी, एक पेनाची निब आणि पाटबंधाऱ्याची मोजपट्टी एवढंच होतं. यंदा प्रथमच घरात खऱ्या अर्थाने यंत्र आलेलं. मी सोवळं नेसलो. इंजिनाखाली रांगोळी काढली. ब्लॉकला झेंडू, पिस्टनला गंध. टर्बोला वेगळा पाट दिला. आणि पाहतो तर बिचाऱ्याचं तोंड चिकटपट्टीने बंद! तोंड झाकलेल्या देवतेची पूजा करायची कशी? नैवेद्य दाखवायचा कुणाला? मी अलगद सगळ्या पट्ट्या सोडवल्या, यथासांग पूजा केली, मंत्रपुष्पांजली म्हणून सढळ हाताने अक्षता वाहिल्या आणि पट्ट्या होत्या तशा परत लावून टाकल्या. कोणाला सांगितलं नाही. पूजा ही काय सांगायची गोष्ट आहे?

पुढच्या पाच आठवड्यांत इंजिन जोडलं गेलं. संभाजीच्या टोळीने ते परत गाडीत बसवलं. भाडेकरूने जागा सोडल्याचा नमुना मी भरून दिला. कार्तिकातल्या एका सकाळी सगळी सोसायटी गॅलरीत उभी राहिली, चेतनने किल्ली फिरवली, आणि इंजिन लागलं! कसं लागलं! मी डोळे मिटले. मग गाडीतून बारीकशी शीळ ऐकू येऊ लागली. शीळ चढत चढत किंकाळी झाली, मागून निळा धूर आला आणि भीमराव ओरडले, "बंद कर!"

त्यांनी तिथेच टर्बो उतरवला. तेलाचं भोक सुईने टोकरलं. खाली वर्तमानपत्र धरलं. एक दाणा पडला. मग दुसरा. मग हवेच्या बाजूच्या पंख्यामागून बरेच. भीमरावांनी ते ओळीने मांडले.

"एकवीस," ते म्हणाले. "तेहतीस वर्षांत मला इंजिनात बोल्ट सापडले, चिंध्या सापडल्या, एकदा साहेबाची कवळी सापडली. तांदूळ पहिल्यांदाच. आणि कुंकू लावलेला."

सगळ्या गॅलऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी कबूल केलं. दुसरं करणार काय? चेतनने ते दाणे वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले, आणि ते मला फार लागलं. त्याच्या नखांत दोन महिन्यांचं काळं तेल होतं. वरून सुंदराबाई म्हणाल्या, "भावोजींचा भाव बघा हो, तांदूळ काय बघता!" पण त्यांच्या सहानुभूतीने मला आणखीनच वरमल्यासारखं झालं. रंगनाथराव म्हणाले, "पुढच्या वेळी नैवेद्य बाहेरून दाखवा."

मी भीमरावांना म्हणालो, "आता नको. बुवांना कळवतो."

भीमरावांनी पंखा उजेडात धरून फिरवून पाहिला. "दांड्याला ओरखडा आहे. तेल अडवणारं सील नवीन टाकतो. किती टिकेल सांगत नाही. सासवडला जाऊन येणं एवढंच काम ना?" मग पंखा खाली ठेवून म्हणाले, "आणि हे बघा. तुमचा देव आणि माझं बेअरिंग, दोघांत एक हात अंतर ठेवा. दोघंही सुखी राहतील."

दत्तजयंतीच्या दुपारी आम्ही निघालो. चेतन चालवायला, मागे मी आणि भीमराव, त्यांच्या मांडीवर हत्यारांची पेटी. दिवे घाटाच्या चढावर टर्बोने असा जोर धरला की एक एसटी मागे टाकली. चेतन तोंड भरून हसला. बेंचवर गेल्यापासून तो तसा हसलेला मी पाहिला नव्हता.

बुवा ओसरीवर बसले होते, धोतर-उपरण्यात. मी म्हणालो, "बुवा, गाडी आणली."

त्यांनी गाडीकडे पाहिलं, चेतनच्या हातांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"तात्याराव, तुमच्याशी मी खोटं बोललो हो. प्रवासाचं निमित्त केलं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. मला आता दोन तास उभं राहवत नाही. आणि नारदांच्या गादीवर बसून कीर्तन करायचं नाही, असं माझ्या गुरूंनी सांगितलंय. मला वाटलं, गाडीचं म्हटलं की तुम्ही गप्प बसाल. तुम्ही इंजिनच उघडून बसाल हे कुठं माहीत!"

भीमराव शांतपणे म्हणाले, "बुवा, काम झालेलं आहे. चाचणी तरी घ्या."

बुवा उठले. "येतो. पण कीर्तन करायला नाही, श्रोता म्हणून येतो." आणि चेतनच्या खांद्यावर हात ठेवून पुढच्या सीटवर बसले.

परतीच्या वाटेवर मी खिडकीबाहेर बघत होतो. तीन महिने, एक परात, एक भाडेकरू आणि एकवीस अक्षता; कशासाठी, तर बुवांना नुसतं आणून बसवायला. सोसायटीच्या मांडवात एव्हाना शंभर माणसं बसली असतील. पेटी-तबला लागला असेल. सूर्यास्ताला जन्म, आणि जन्माचं कीर्तन नाही.

फाटकातून गाडी आत शिरली, मांडवासमोर आडवी झाली आणि चेतनने किल्ली बंद केली. इंजिन बंद झालं नाही.

उलट त्याचा आवाज वाढला. चेतनने किल्ली काढून हातात घेतली. आवाज आणखी वाढला. मागून पांढरा धूर असा उठला की देवळाचा कळस दिसेना. "किल्ली काढ!" रंगनाथराव ओरडले. चेतनने किल्ली उंच धरून दाखवली. "गिअर टाक, क्लच सोड!" भीमराव ओरडले, चेतनने सोडला, तर गाडी जागच्या जागी थरथरली, काहीतरी जळल्याचा वास आला आणि इंजिन आणखी पिसाळलं.

"सील गेलं!" भीमराव दार उघडून धावले. "स्वतःचंच तेल पितंय ते! तेल असेपर्यंत थांबणार नाही. हवा तोडली पाहिजे. फळी द्या, काहीतरी सपाट द्या!"

समोर बुवांच्या पाद्यपूजेचा पाट होता, रांगोळीसकट. भीमरावांनी तो उचलला, बॉनेट उघडलं, हवेची नळी उपटली आणि पाट त्या तोंडावर दाबून धरला. इंजिनाने पाट असा ओढून धरला की त्यांना ढकलायची गरजच उरली नाही. दोन आचके, एक हुंदका, आणि सारं शांत.

अशी शांतता की तबलजीच्या हातातली हातोडी पडली ती सगळ्यांना ऐकू आली.

त्या शांततेत कोणीतरी हसत होतं. धूर विरला तेव्हा दिसलं, बुवा. त्यांचं दार मांडवाच्या बाजूला होतं. त्यांनी ते उघडलं, दोन्ही पाय बाहेर काढून जमिनीवर टेकले, आणि सीटवर बसल्या बसल्या म्हणाले:

"चाळीस वर्षं मी सांगतोय, मन आवरत नाही, मन आवरत नाही. माझ्याकडे दृष्टांतच धड नव्हता. पाहिलंत? किल्ली काढून हातात घेतली तरी थांबत नाही. आणि खातं काय, तर स्वतःचंच तेल!"

मांडवातून हशा उसळला. तबलजीने एक थाप टाकली. बुवांनी झांजा मागितल्या.

मी धावत गेलो. "बुवा, पण गुरूंची आज्ञा? उभं राहून..."

"ती गादीवर, तात्याराव. मोटारीत उभं राहून बोलतात ते पुढारी. कीर्तनकारानं मोटारीत बसावं." मग बॉनेटकडे वळून म्हणाले, "आणि हे कोण, पाट लावणारे सद्गुरू?"

भीमराव हात पुसत म्हणाले, "सद्गुरू नको. फिटर म्हणा."

बुवांनी नमनाचा सूर लावला. दीड तास. चेतन स्टिअरिंगमागे अडकला होता, कारण त्याच्या बाजूला पेटीवाला दाराला टेकून उभा होता. त्यामुळे धृपद धरायचं काम त्याच्याकडे आलं, आणि माझा आयटीतला मुलगा, ज्याने शाळेनंतर आरतीसुद्धा म्हटली नव्हती, तो चक्क धृपद धरत होता. जन्म वेळेवर झाला. गुलाल उधळला तो सगळा धुरात मिसळला. भीमरावांनी सुंठवडा दोनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवांचा फोन आला. पुतण्याने नवी गाडी घेतलीय, तो आणून सोडेल. रामनवमीला येतो म्हणाले, पण जागा तीच हवी. मी फोन ठेवून बाहेर आलो तर भीमराव बॉनेटमध्ये वाकलेले, शेजारी चेतन वही घेऊन.

"टर्बो गेला," ते म्हणाले. "पिस्टनला चरे पडलेत. क्लच जळाला. सगळं परत उघडावं लागेल, तात्याराव. सहा महिने धरा. काय करायचं बोला."

मी गाडीभोवती फिरून बुवांच्या बाजूला आलो, पुढचं दार उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"इंजिनाचं बघू हो सावकाश," मी म्हणालो. "या दाराची बिजागरी तेवढी कुरकुरते, सुरात येत नाही. तिला आधी तेल घाला."